एअर पिस्तुलासाठी छर्रा निवडताना: वजन, डोक्याचं माप, हवेचा वेग आणि लॉटची चाचणी

०.४५ ग्रॅमचा घ्यायचा की ०.५३ चा? दहा मीटर एअर पिस्तूल खेळणाऱ्यांमध्ये छर्र्यांचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं वैयक्तिक आणि सरबज्योत सिंगच्या साथीनं मिश्र सांघिक कांस्यपदक मिळवलं, तोच हा प्रकार. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा क्रम चुकतो. छर्रा निवडताना आधी बघायचं ते तुमच्या नळीला कोणत्या मापाचं डोकं मानवतं, मग कोणता लॉट (एकाच खेपेत निघालेला माल), मग पिस्तुलाचा वेग स्थिर आहे की नाही. वजनाचा नंबर शेवटचा.

परदेशात काडतुसाचं पिस्तूल खेळणारे कितीतरी नेमबाज घरीच काडतुसं भरतात. गोळी किती वजनाची आणि बारूद किती, हे ते स्वतः ठरवतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, त्यामुळे तो उद्योग घरी करायचाच नाही. एअर पिस्तुलात मात्र तेच दोन्ही प्रश्न परवान्याशिवाय आपल्या हातात राहतात: गोळीच्या जागी छर्रा, बारुदाच्या जागी दाबाखालची हवा. ४.५ मिमी नळीच्या आणि २० जूलच्या आत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेचं पिस्तूल जेमतेम ६ जूलचं असतं. तरीही ते पेटीत बंद करून, बिलाची प्रत सोबत ठेवूनच न्यायचं.

आधी हिशेब: छर्रा किती गुण खातो?

टार्गेटवरच्या टेनच्या रिंगचा व्यास ११.५ मिमी असतो. छर्र्याची कड रिंगला नुसती लागली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे ५.७५ मिमी रिंगची त्रिज्या, त्यात २.२५ मिमी छर्र्याची त्रिज्या मिळवली की ८ मिमी होतात. छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत पडला की दहा. त्यापुढे प्रत्येक ८ मिमीला एक गुण जातो.

आता ६०० पैकी साधारण ५७३ गुण मारणारा खेळाडू घ्या. त्याच्या ६० शॉटमध्ये ३५ च्या आसपास टेन असतात. त्याचं पिस्तूल वाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंजात) धरून पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ६ मिमी येत असेल, तर छर्र्यामुळे त्याचं काहीच बिघडत नाही. ग्रुप ९ मिमी झाला तर संपूर्ण मॅचमध्ये एखाद-दुसरा गुण जातो. १४ मिमी झाला तर टेन तिसावर येतात आणि एकूण सहाएक गुण जातात. खेळाडूची चूक आणि छर्र्याची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्ही फैलावांचे वर्ग करायचे, बेरीज करायची आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. त्यामुळे मोठी चूक लहान चुकीला झाकून टाकते.

या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. ५२० च्या खाली खेळणाऱ्यानं चार-पाच ब्रँडचे डबे गोळा करण्यात पैसे घालू नयेत. एक बरा मॅच छर्रा घ्यावा आणि सगळं लक्ष हातावर आणि ट्रिगरवर द्यावं. ५६० च्या पुढे गेलेल्यानं मात्र खाली दिलेली चाचणी करावीच, कारण तिथे एका गुणानं निवड हुकते आणि बरोबरी झाली तर इनर टेन (टेनच्या आतल्या लहान रिंगमधले शॉट) मोजले जातात.

वजन

स्पर्धेसाठी सपाट डोक्याचाच छर्रा वापरतात, कारण तो कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार किंवा गोल डोक्याच्या छर्र्यानं कागद फाटतो आणि कडेचा शॉट वाचता येत नाही. नियमांत वजनाचं बंधन नाही. छर्रा ४.५ मिमीचा आणि शिशाचा किंवा तशाच मऊ धातूचा असला की झालं.

बाजारात मॅच छर्रे साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅममध्ये मिळतात. डब्यावर वजन ग्रेनमध्ये असेल तर १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम: ७.० ग्रेनचा ०.४५ ग्रॅम, ८.२ ग्रेनचा ०.५३. आरडब्ल्यूएसच्या आर-१० मॅचमध्ये हीच दोन वजनं मिळतात, हलकं पिस्तुलासाठी आणि जड रायफलसाठी म्हणून. एचअँडएनच्या फिनाले मॅचमध्येही हलका आणि जड असे दोन प्रकार आहेत. पण डब्यावर ‘पिस्तूल’ लिहिलंय म्हणून तो तुमच्या पिस्तुलाला चालेलच असं नाही. कित्येक पिस्तुलांच्या नळ्या रायफलच्या जड छर्र्यानं जास्त घट्ट ग्रुप देतात.

वजनानं नेमकं काय बदलतं ते पाहू. हवेनं दिलेली ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. हलका छर्रा १६० मीटर प्रति सेकंद वेगानं निघत असेल, तर जड साधारण १४७ नं निघेल. जड छर्रा नळीत सेकंदाच्या काही दहा-हजाराव्या भागाइतका जास्त रेंगाळतो. हा फरक हाताला जाणवत नाही आणि शॉट संपेपर्यंत पिस्तूल स्थिर ठेवणाऱ्याच्या गुणांतही तो दिसत नाही. दहा मीटरवर जड छर्रा सुमारे ४ मिमी खाली लागतो. साइटचे काही क्लिक वर केले की संपलं. तुमच्या मॉडेलचा एक क्लिक किती मिलिमीटरचा, ते पुस्तिकेत बघून घ्या.

हलक्या वजनाचा खरा उपयोग कमी ताकदीच्या पिस्तुलात होतो. एकदाच लिव्हर दाबून हवा भरणारी सुरुवातीची पिस्तुलं १२०–१३० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास असतात. त्यात जड छर्रा आणखी सावकाश निघतो, आणि शॉटनंतर मनगट सैल सोडायची सवय असलेल्या नवख्याला ते महागात पडतं. तिथे ०.४५ चाच घ्या. सिलिंडरवाल्या पिस्तुलात मात्र दोन्ही वजनं चाचणीला ठेवा आणि निकाल नळीवर सोडा.

डोक्याचं माप आणि लॉट

छर्र्याला तीन भाग असतात: पुढचं सपाट डोकं, मधली बारीक कंबर आणि मागचा पोकळ, पातळ स्कर्ट. हवेचा दाब आला की स्कर्ट फुलतो आणि नळीच्या खाचांना चिकटतो. डोकं मात्र फुलत नाही. ते खाचांवरून सरकत छर्र्याला सरळ ठेवतं. म्हणून डोक्याच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक पडतो. डब्याच्या मागच्या लेबलवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं छापलेलं असतं ते हेच.

डोकं लहान पडलं तर छर्रा नळीत किंचित वाकडा बसतो, डोलत निघतो आणि दहातला एखादा शॉट उगाच बाहेर जातो. डोकं मोठं झालं तर लोड करताना अंगठ्यानं रेटावं लागतं. त्या रेट्यात मऊ शिसं एका बाजूनं चेपतं आणि ग्रुप सगळ्या बाजूंनी पसरतो. बरोबर मापाचा छर्रा बोटाच्या हलक्या दाबानं, थोडासा अडखळून, दरवेळी सारखाच आत जातो. हा स्पर्श लक्षात ठेवण्यासारखा आहे. लॉट बदलला की तो आधी बोटाला कळतो, टार्गेटवर नंतर दिसतो.

व्हर्नियरनं डोकं मोजायला जाऊ नका. जबड्यांच्या दाबानं शिसं दबतं आणि प्रत्येक वेळी वेगळा आकडा येतो. लेबलवर विश्वास ठेवा आणि फैसला टार्गेटवर करा.

लॉट म्हणजे एकाच साच्यातून, एकाच खेपेत निघालेला माल. साचा वापरानं झिजतो, बदलला जातो, शिशाचा कडकपणा खेपेगणिक थोडा फरक दाखवतो. म्हणून तोच ब्रँड, तेच वजन, तेच ४.५० चं डोकं असूनही मागच्या वर्षीचा डबा सुंदर चालतो आणि यंदाचा चालत नाही. लॉट नंबर लेबलवर असतो. विक्रेत्याकडून आधी वेगवेगळ्या लॉटचा एकेक डबा मागवा, आणि तुमची चाचणी होईपर्यंत तोच लॉट बाजूला ठेवायला सांगा. चांगले विक्रेते ठेवतात.

किती घ्यायचे? मॅच छर्र्याच्या डब्यात बहुधा ५०० असतात. रोज ८० ते १०० शॉट, आठवड्यातून पाच दिवस, असा सराव असेल तर महिन्याला ४ डबे लागतात. लॉट जमला की निदान एका हंगामाचे एकदम घ्या. सरावाला स्वस्त आणि स्पर्धेला महाग असे दोन वेगळे छर्रे ठेवू नका. दोघांचा लागायचा बिंदू वेगळा असतो आणि स्पर्धेच्या सायटिंगची (मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या शॉटची) पहिली दहा मिनिटं साइट फिरवण्यात जातात. पैसे वाचवायचे असतील तर रिकामा सराव वाढवा, त्याला एकही छर्रा लागत नाही.

हवा म्हणजेच बारूद

सिलिंडरवाल्या पिस्तुलात रेग्युलेटर सिलिंडरचा दाब कमी करून प्रत्येक शॉटला सारखी हवा देतो. बहुतेक मॅच पिस्तुलांचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरतात. सिलिंडरवर कोरलेली मर्यादा वाचा आणि ती कधीच ओलांडू नका. तिथेच बनल्याची तारीख आणि मुदतही असते. मुदत उलटलेला सिलिंडर कितीही चकचकीत दिसला तरी भरायचा नाही.

भरताना सिलिंडर गरम होतो. हाताला कोमट लागत असेल तोवर गेजवरचा आकडा खरा नसतो. पंधरा मिनिटं थांबा, दाब थोडा उतरेल, मग पुन्हा टॉप-अप करा. घाईनं भरलेला सिलिंडर मॅचच्या मध्यावर अपेक्षेपेक्षा रिकामा निघतो.

वेग मोजायला क्रोनोग्राफ लागतो. स्वतःचा नसला तरी रेंजवर कुणाकडे तरी असतो. तुमच्या रोजच्या छर्र्याचे दहा शॉट मोजा आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी वेग यांतला फरक काढा. ३ मीटर प्रति सेकंदाच्या आत असेल तर उत्तम. १५० मीटर प्रति सेकंदाच्या पिस्तुलात ५ मीटरचा फरक पडला की छर्रा दहा मीटरवर साधारण दीड मिलिमीटर वर-खाली लागतो. फरक ६ च्या पुढे असेल तर छर्रे बदलून उपयोग नाही, दोष रेग्युलेटरमध्ये किंवा सीलमध्ये आहे. हेच दहा शॉट १८० बारला, १२० बारला आणि गेज लाल पट्ट्याजवळ आल्यावर पुन्हा मोजा. ज्या दाबाखाली वेग उतरायला लागतो तो आकडा सिलिंडरवर टेप लावून लिहून ठेवा. मॅचमध्ये त्याच्या खाली जायचं नाही.

काही पिस्तुलांना वेग कमी-जास्त करायचा स्क्रू असतो आणि तो फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. वेग वाढवल्यानं छर्रा जास्त नेमका लागत नाही. पिस्तूल जास्त उसळतं, हवा जास्त जाते, बाकी काही नाही. कारखान्यातला वेग तसाच ठेवा. सील बदलल्यावर वेग खरोखर पडला असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून, क्रोनोग्राफ समोर ठेवून, जुन्या आकड्यावर आणून घ्या. आधीचा आकडा तुमच्या वहीत असेल तरच हे जमतं.

चाचणीची मांडणी

सगळ्यात आधी नळी साफ करा. मॉडेलला चालत असेल तर फेल्टचे बोळे मागून पुढे घालवा, नाहीतर दोरी ओढा, पण दोरीही मागून पुढेच. तेल नळीत राहू देऊ नका. साफ नळीचे पहिले शॉट इकडे तिकडे जातात, कारण शिशाचा पातळ थर अजून बसलेला नसतो. १५ ते २० शॉट नुसते मारून टाका. चाचणीत एका छर्र्यावरून दुसऱ्यावर जातानाही प्रत्येक वेळी ५ ते १० शॉट न मोजता मारायचे, कारण आधीच्या छर्र्याचं शिसं नळीत असतं.

पिस्तूल हातात धरून लॉट तपासता येत नाही. हाताचा फैलाव छर्र्याच्या फैलावाच्या दहापट असतो, आणि ज्या दिवशी हात चांगला चालतो त्या दिवशीचा डबा उगाच ‘लकी’ ठरतो. त्यासाठी वाइस हवा. नाशिकला सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या टूलरूमवाल्याला पिस्तूल दाखवलंत तर तो ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीतून जबडे बनवून देईल. ग्रिप काढायची, आत फ्रेमचा सपाट भाग दिसतो, तो पकडायचा. जबड्यांना आतून चामडं किंवा कडक रबर लावायचं. दोन गोष्टी पकडायच्या नाहीत: नळी आणि सिलिंडर. नळी दाबली तर ती वाकते, आणि सिलिंडर दाबाखाली असतो, त्यावर जबडा कधीच येता कामा नये.

वाइस लाकडी टेबलावर लावला तर माणूस शेजारी उभा राहिला तरी ग्रुप सरकतो. काँक्रीटचा ओटा किंवा जमिनीला बोल्ट केलेला जड लोखंडी स्टँड हवा. मांडणी बरोबर आहे की नाही हे बघायला एकाच डब्यातले पाच-पाच शॉट चार वेळा मारा. चारही ग्रुप एकमेकांवर पडले पाहिजेत. पायरीपायरीनं एका बाजूला सरकत असतील तर वाइस ढिला आहे. बोल्ट आवळून पुन्हा सुरुवात करा.

वाइस जमलाच नाही तर वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून, बसून मारा. त्यानं उत्तम आणि चांगला यातला फरक कळणार नाही, पण वाईट लॉट नक्की उघडा पडतो. तेवढंही पुष्कळ आहे.

पंखे बंद करा. छर्र्यावर पंख्याचा परिणाम फारसा होत नाही, पण टांगलेला कागद हलतो आणि भोकाची कड फाटते. कागद जाड मॅच टार्गेटचाच घ्या, मागे पुठ्ठा लावा आणि प्रत्येक ग्रुपसाठी कोरी जागा. मागे बंद पेलेट ट्रॅप (छर्रे अडवणारी पेटी), डोळ्यांवर चष्मा, आणि कुणी टार्गेटकडे जाताना पिस्तुलात सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) घातलेला असलाच पाहिजे. वाइसमध्ये अडकवलेलं असलं तरीही.

किती शॉट आणि कोणत्या क्रमानं

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पाच शॉटचा एक सुंदर ग्रुप पाहून लोक दहा डबे घेऊन टाकतात. एका ग्रुपवरून काही ठरत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येक लॉटचे पाच-पाच शॉटचे चार ग्रुप मारा. त्यातून वरचे दोन-तीन लॉट निवडा आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचे दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप. पाचचा ग्रुप आणि दहाचा ग्रुप यांची तुलना करायची नाही. त्याच छर्र्याचा दहाचा ग्रुप पाचच्यापेक्षा सुमारे पाव पट मोठा येतोच.

क्रमही महत्त्वाचा. एका लॉटचे सगळे ग्रुप सकाळी आणि दुसऱ्याचे दुपारी असं करू नका. अ, ब, क, मग क, ब, अ असे उलटसुलट घ्या. दाब उतरणं, खोली तापणं, नळी घाण होणं याचा फायदा-तोटा सगळ्यांना सारखा मिळतो. सिलिंडर ठरलेल्या दाबाच्या वरच असू द्या.

मोजताना सगळ्यात दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा व्हर्नियरनं धरा. मध्य ते मध्य अंतर हवं असेल तर त्यातून एका भोकाचा व्यास वजा करा. पण डोळे मिटून ४.५ वजा करू नका. त्याच कागदावर एकटं पडलेलं भोक मोजा, कागद थोडा मिटत असल्यानं ते बहुधा किंचित लहान भरतं.

एक उदाहरण घेऊ. लॉट अ चे चार ग्रुप ६.१, ६.४, ५.९, ६.६ मिमी, सरासरी ६.२५. लॉट ब चे ५.७, ५.८, ८.९, ५.९, सरासरी ६.६ च्या जवळ. तीन ग्रुप बघितले तर ब सरस वाटतो. पण तो एक ८.९ का आला? वाइस हलला असेल किंवा त्या छर्र्याचा स्कर्ट चेपलेला असेल. ब चे आणखी वीस शॉट मारा. बाहेर जाणारा शॉट पुन्हा दिसला तर ब बाद. मॅचमध्ये तो शॉट कधी येईल ते सांगता येत नाही, आणि आल्यावर खेळाडू स्वतःचा हात तपासत बसतो. त्याचं नुकसान एका गुणापेक्षा जास्त असतं. सलग सव्वासहा देणारा अ घ्या.

एकेक छर्रा वजन करायचा का?

सराफ बाजारात वापरतात तसा मिलिग्रॅमचा काटा घेऊन छर्रे वजनानुसार वेगळे करणारे लोक आहेत. हिशेब करून पाहा. ०.५३ ग्रॅमच्या छर्र्यात ५ मिलिग्रॅमचा फरक म्हणजे सुमारे एक टक्का. त्यानं वेग अर्धा टक्का बदलतो आणि दहा मीटरवर छर्रा पाव मिलिमीटरही वर-खाली होत नाही. पाचशे छर्रे तोलायला लागणारी संध्याकाळ त्यापेक्षा झोपेत घालवलेली बरी.

नजरेनं निवडणं मात्र जरूर करा. पांढऱ्या कापडावर छर्रे ओता, दिवा एका बाजूनं ठेवा आणि स्कर्ट बघा. चांगला स्कर्ट मागून बघितला की नाण्याच्या कडेसारखा पूर्ण गोल दिसतो. एका बाजूनं चपटा, कडेला शिशाची बारीक कूस लोंबणारा, आत कचकण असलेला असे छर्रे वेगळे काढा. ते साइट बसवायला किंवा नळीत शिसं बसवायला चालतात. शंका असेल तर काचेवर सोडून बघा: चांगला छर्रा स्वच्छ वर्तुळात फिरतो, चेपलेला टकटक करत अडखळतो. जमिनीवर पडलेला छर्रा उचलून वापरायचा नाही, मॅचमध्ये तर मुळीच नाही. स्कर्ट इतका पातळ असतो की फरशीवरची एक पडझड पुरते.

ग्रुप बघून दोष ओळखणं

ग्रुप उभा लांबला तर वेग हलतोय: आधी क्रोनोग्राफ, मग रेग्युलेटर, मग छर्रा भरायच्या जागेचं सील. सीलची तपासणी सोपी आहे. टिश्यू पेपरची पट्टी त्या सांध्यावर ठेवून शॉट मारा. पट्टी फडफडली तर हवा मागून निसटतेय, ओ-रिंग बदला. आडवा लांबला तर जबड्यातलं पिस्तूल कुशीवर हलतंय. दोन वेगळे पुंजके दिसले तर काहीतरी दोन जागांमध्ये सरकतंय, आणि ते बहुधा नळी धरणारा स्क्रू असतो. वाइसमध्ये साइटचा काही संबंध नसतो, त्यामुळे वाइसमध्ये ग्रुप घट्ट आणि हातात मारताना दोन पुंजके येत असतील तर मागची साइट तपासा. सगळेच लॉट एकाच दिवशी वाईट दिसायला लागले तर छर्र्यांना दोष देऊ नका, नळी साफ करा.

नाशिकची हवा

डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ कधी कधी दहा अंशांच्या खाली जाते आणि एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशीला टेकते. सीलचं ग्रीस थंडीत घट्ट होतं, म्हणून पिस्तूल पेटीतून काढून अर्धा तास हॉलच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच मोजायला लागा. उन्हाळ्यात भरलेला सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद गाडीत दाब वाढतो.

पावसाळ्यात छर्र्यांवर पांढरट भुकटी येते. ते शिशाचं खराब होणं आहे. असे छर्रे नळीत घालू नका आणि भुकटी फुंकून उडवू तर नकाच. डबे घट्ट बंद ठेवा, आत सिलिका जेलची पुडी टाका आणि एका वेळी एकच डबा उघडा.

मुंबईत वरळीला स्पर्धेला गेल्यावर शॉट सरकतात तेव्हा कुणी तरी समुद्रसपाटीचं कारण सांगतं. नाशिक सुमारे ६०० मीटर उंचावर आहे हे खरं, पण हवेच्या घनतेतल्या तेवढ्या फरकानं दहा मीटरवर अर्धा मिलिमीटरही फरक पडत नाही. बदलतो तो उजेड. नव्या हॉलमध्ये दिवे वेगळ्या उंचीवर असतात, पुढच्या साइटची कड वेगळी दिसते आणि डोळा ती वेगळ्या ठिकाणी धरतो. साइट फिरवा, छर्रा बदलू नका.

शिसं

सराव संपला की साबण आणि गार पाण्यानं हात धुवा, मगच मिसळ-पाव. छर्रे तोंडात धरायची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. पेलेट ट्रॅपच्या आसपासची जमीन कोरड्या झाडूनं झाडू नका, धूळ श्वासात जाते. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. गोळा झालेलं शिसं बंद डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या. घरी वितळवायचं नाही.

वही

प्रत्येक चाचणीला एक पान: तारीख, तापमान, सुरुवातीचा आणि शेवटचा दाब, ब्रँड, वजन, डोक्याचं माप, लॉट नंबर, ग्रुपचे आकडे, आणि त्या छर्र्यासाठी साइट किती क्लिकवर होती ते. प्रत्येक लॉटचा एक खरा टार्गेट कागद त्याच पानाला चिकटवा. आकडे खोटं बोलले नाहीत तरी विसरायला होतात, कागद बघितला की ग्रुपचा आकार लगेच आठवतो.

जमलेल्या लॉटचे दोन डबे उरले की नवा लॉट मागवायचा, शेवटचा डबा संपल्यावर नाही. जुना लॉट हाताशी असतानाच नव्याचे ग्रुप त्याच्या शेजारी, त्याच दिवशी, त्याच वाइसमध्ये मारता येतात. नवा डबा जुन्याइतकाच चालतोय की नाही, हे तेव्हाच नक्की कळतं.